पाण्यात घातलेली गाडी

“गाडी कोण चालवतं?”

“ही,” नानांनी मोठ्या ऐटीत आईकडे बोट केलं. “मला आपली स्कूटर येते. चारचाकी हिची.”

काउंटरपलीकडच्या माणसानं आधी आईकडे पाहिलं, मग तिच्या डाव्या पायातल्या लोखंडी पट्ट्यांच्या कॅलिपरकडे, आणि मग घाईघाईनं कॉम्प्युटरकडे. सगळे याच क्रमानं बघत. आईला त्याची सवय होती. तिनं पर्समधून चष्मा काढून लावला आणि त्याच्या शर्टावरची पट्टी वाचली.

“म्हेत्रे, काय झालंय ते कळलं का?”

“उघडून बघायलेत म्याडम. बसा की तुम्ही.”

आम्ही बसलो. सोलापूरचं ते सर्व्हिस सेंटर दवाखान्यापेक्षा चकचकीत होतं आणि तिथे दवाखान्याइतकंच ताटकळावं लागत होतं. गौरी-गणपती नुकतेच होऊन गेले होते. आदल्या दिवशी बार्शीला आमच्या दारातच गाडी बंद पडली, ती काही केल्या सुरू होईना. नानांनी मला पुण्याला फोन केला तेव्हा त्यांचा आवाज असा घाबरा होता, की मला वाटलं आईलाच काहीतरी झालं. “गाडी गं, गाडी,” असं ते म्हणाले तेव्हा मी आधी देवाला हात जोडले आणि मग त्यांच्यावर चिडले. तरी पहाटेची एसटी पकडून आलेच.

नाना बसल्या जागी चुळबुळत होते. काचेपलीकडे गाडी वर उचललेली दिसत होती. दर थोड्या वेळानं ते उठून काचेला नाक लावत आणि परत येत.

“पोटाखालचं सगळं सोडलंय की गं,” ते मला म्हणाले. कान जड झाल्यामुळे त्यांचं हळू बोलणंही सगळ्या हॉलला ऐकू जायचं. “मंदा, तू बघू नकोस.”

“मी कशाला बघू नको? गाडी माझी आहे,” आई म्हणाली.

आमचे नाना वीज मंडळात सबस्टेशनला ऑपरेटर होते. जन्म विजेत गेला, आणि म्हणूनच असेल, विजेवर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता. आत्ता लाइट आहे, तासाभरानं असेलच असं नाही, हे त्यांचं जगण्याचं सूत्र. त्यामुळे घरात रिकामं म्हणून काही राहायचं नाही. टाकी भरलेली, इन्व्हर्टर भरलेला, बॅटऱ्या भरलेल्या, फोन तर सदान्‌कदा चार्जिंगला. आम्ही त्यांना हसायचो. पण लाइट गेली की हसणारे सगळे त्यांच्याकडेच धावायचे.

आणि आई, मंदाकिनी शेटे, मुलींच्या शाळेत गणित शिकवायची. लहानपणी पोलिओनं डावा पाय गेला तो गेलाच. तिची अख्खी नोकरी नानांच्या स्कूटरवर मागे बसून झाली. रात्रपाळी करून आलेले नाना न झोपता तिला शाळेत सोडत आणि मग घरी येऊन आडवे होत. कॅलिपरचा पाय बाहेर राहायचा, म्हणून गर्दीत ती अंग चोरून बसायची. बाजार, लग्नकार्य, माहेर, जिथे नानांना सवड तिथे आणि तेव्हाच. “माझ्याइतकी ह्यांची पाठ जगात कुणी पाहिलेली नाही,” असं ती हसून म्हणायची. त्या हसण्यात थोडं दुखणं असायचं.

नाना रिटायर झाले आणि त्यांनी कुणाला न विचारता विजेची गाडी घेतली. का, तर त्या गाडीला क्लच नाही. डाव्या पायाला कामच नाही. शोरूममध्ये त्यांनी तिथल्या ड्रायव्हरला डावा पाय सीटवर मांडी घालून बसायला लावलं आणि तशी गाडी आवारात चार वेळा फिरवायला लावली. तो बिचारा वैतागला. पण नानांची खात्री पटली. मग रविवारी बाजार समितीच्या मोकळ्या आवारात आई शिकली, आणि शिकली ती अशी शिकली, की पुन्हा घरात सापडेना. येडशीला बहिणीकडे, तुळजापूरला, परंड्याला, जुन्या विद्यार्थिनींच्या घरी, कुणाच्या सुनेला माहेरी सोडायला. वेळ कसला आणि निमित्त कसलं, फोन आला की ही निघाली. लोक म्हणत, शेटेबाई गाडी फर्स्ट क्लास चालवतात. आयुष्यभर तिनं ‘पोरीला गणित चांगलं येतं’ इतकंच ऐकलं होतं. हे ऐकताना मात्र ती लाजायची. साठीच्या बाईला लाजताना मी पाहिलंय.

नानांचं म्हणणं एकच. “विजेच्या गाडीत बिघडायला आहेच काय? ऑइल नाही, गिअर नाही, सायलेन्सर नाही. ही आपल्याला पुरून उरणार.”

आणि आता ती पोट उघडं टाकून वर टांगली होती.

म्हेत्रे आले तेव्हा नाना नेमके बाहेर होते. गाडी ओढून आणणारा टोइंगवाला सकाळपासून उपाशी आहे असं त्यांच्या लक्षात आलं होतं, म्हणून आईनं बांधून दिलेली कडक भाकरी आणि शेंगाचटणी घेऊन ते फाटकापाशी गेले होते.

“म्याडम, बॅटरी गेली,” म्हेत्रे म्हणाले. “आतले सेल कमजोर झालेत. सगळेच उतरलेत, त्यातला एक गट पार गेला. सुटा गट आता मिळत नाही, ते मॉडेलच बंद झालंय. अख्खी बॅटरी बदलावी लागंल.”

“वॉरंटी?”

“वर्षं शिल्लक होती. पण वर्षं किंवा किलोमीटर, जे आधी संपेल ते. तुमचे किलोमीटर कधीच संपले.” ते जरा हसले. “टॅक्सीवाल्यासारखी पळवलीय की गाडी.”

खर्चाचा आकडा त्यांनी कागदावर लिहून आमच्यापुढे सरकवला. माझ्या तोंडचं पाणी पळालं. त्यात थोडी भर घातली असती तर नवी गाडी आली असती. आईनं तो कागद पाहिला आणि उलटा करून ठेवला.

“कारण सांगा,” ती म्हणाली.

“आता गाडी म्हटल्यावर...”

“म्हेत्रे, मी गणिताची बाई आहे. नुसतं उत्तर नको. असं का झालं ते सांगा. माझ्या चालवण्यात काही चूक होती?”

“छे छे! चालवणं एकदम मस्त. ब्रेक बघा, टायर बघा, अशी नीट चालवलेली गाडी येतच नाही आमच्याकडं.” त्यांनी कॉम्प्युटरचा पडदा आमच्याकडे वळवला. “हे बघा. रोजच्या रोज शंभर टक्के चार्ज. रोज, म्हणजे सणवार न चुकता. ऐंशी-नव्वद टक्के शिल्लक असली तरी पुन्हा लावलेली. आणि भरल्यावर तशीच उभी. शेड कशाची आहे?”

“पत्र्याची,” मी म्हणाले.

“उन्हाळ्यात भट्टीच की ती. बॅटरी काठोकाठ भरून अशा गरमीत ठेवली की सेल आतून मरत जातात हो. रोजच्याला ऐंशीपर्यंत पुरे असतं. गाडी देताना सांगतात तसं.”

“आम्हाला कुणी नाही सांगितलं.”

“सांगितलं असंल म्याडम, लक्षात राहत नाही. चार्जिंगला कोण लावायचं?”

आईनं चष्मा काढून हातात घेतला. मी तिच्याकडे पाहिलं. चार्जिंगला कोण लावायचं हे आमच्या सगळ्या गल्लीला माहीत होतं. संध्याकाळी आईची गाडी वळणावर दिसली की नाना हातात वायर घेऊन फाटकाशी उभे. ती उतरायच्या आधी वायर लागलेली. त्यांचा चहा राहील, औषधाची गोळी राहील, पण ते राहायचं नाही.

तेवढ्यात दार ढकलून नाना आत आले. “जेवला बिचारा,” असं म्हणत ते आमच्याजवळ आले आणि आमचे चेहरे बघून थबकले. “काय? काय म्हणतायत?”

म्हेत्र्यांनी तोंड उघडलं. आईनं त्यांच्याकडे फक्त पाहिलं. तिच्या वर्गात बसलेल्या कुठल्याही मुलीला ती नजर ठाऊक आहे. म्हेत्र्यांनी तोंड मिटलं.

“पाणी गेलं आत,” आई मोठ्यानं म्हणाली, नानांना नीट ऐकू जाईल असं. “बॅटरीत पाणी गेलंय.”

“पाणी? कुठनं?”

“मी परवा वैरागला गेले होते ना, हळदीकुंकवाला. येताना ओढ्याला पाणी होतं. मी घातली गाडी पाण्यात.”

वीज आणि पाणी यांचं वैर सबस्टेशनच्या माणसाला समजावून सांगावं लागत नाही. नानांनी ते तिथल्या तिथे खरं मानलं. तिनंही ते हेरूनच निवडलं असणार.

“घातली म्हणजे?” नानांचा आवाज चढला. “किती होतं पाणी?”

“दारापर्यंत.”

“आणि तू घातलीस? हजारदा सांगितलंय मी तुला, पाणी दिसलं की थांब. पाणी उतरतं, तासाभरात उतरतं! एवढी शिकलेली बाई तू! कळत नाही का तुला?”

हॉलमधली माणसं वळून बघायला लागली. नानांनी आईवर आवाज चढवलेला मी त्याआधी कधी ऐकला नव्हता, खरंच नव्हता. “नाना, हळू,” मी म्हणाले. पण ते ऐकेनात.

“जीव गेला असता म्हणजे? वाहून गेली असतीस तर? पाय तसला, दार उघडून बाहेर तरी पडता आलं असतं का तुला?” आणि मग ते म्हणाले, “तुझ्या हातात गाडी द्यायलाच नको होती मी.”

आईनं खाली पाहिलं. “चुकलं माझं,” ती म्हणाली.

मला वाटलं, आता मी ओरडणार. या बाईची एकच गोष्ट जगात तिची स्वतःची होती, आणि ती तिनं चार लोकांत, आपल्या हातानं, मातीत घातली होती. मी बोलणार तेवढ्यात तिनं माझं मनगट धरलं आणि ते इतकं घट्ट धरलं, की माझ्याच बांगड्यांचे वळ उठले.

नाना मटकन खुर्चीत बसले. बराच वेळ गुडघ्यावर हात आपटत राहिले. मग पाण्याची बाटली उघडून त्यांनी आधी आईपुढे धरली.

“घे. पी,” ते म्हणाले. “ओरडलो मी. घाबरलो गं.” आणि मग म्हेत्र्यांकडे वळून, “नवी बसवा. काय लागंल ते सांगा. माझी बँकेत ठेव आहे.”

“नको,” आई म्हणाली.

“का नको?”

“मला नाही चालवायची आता. भीती बसली.”

“अगं, एकदा चुकलं म्हणून...”

“नको म्हटलं ना मी. आहे त्या किमतीला ह्यांनाच देऊन टाका.”

नाना तिच्याकडे बघत राहिले. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. आपण फार बोललो म्हणून ही हट्टाला पेटली असं त्यांना वाटलं असावं, कारण ते पुढे कितीदा तरी “मी रागात बोललो गं, मनावर घेऊ नकोस” असं म्हणत राहिले. ती ऐकेना.

बाथरूमच्या निमित्तानं मी तिला बाजूला नेलं आणि फैलावर घेतलं. “हे काय चालवलंयस? खोटं का बोललीस? आणि बॅटरी का नको? पैसे मी देते, नानांच्या ठेवीला हात नको लावू. पण तू गाडी सोडू नकोस आई.”

ती बेसिनला टेकून उभी होती. कॅलिपरचा पाय अवघडला की ती तशी उभी राहते.

“गाडी नवीन होती तेव्हाची गोष्ट,” ती म्हणाली. “कुसळंबच्या पुढे चार्जिंग संपलं माझं. भर उन्हाची वेळ. फोनला रेंज नाही. गाव तसं जवळच होतं, धडधाकट माणूस चालत गेला असता. मी कुठे जाणार? दारं उघडी टाकून बसून राहिले. हे शोधत शोधत स्कूटरवर आले तेव्हा माझ्या तोंडाला कोरड पडलेली. त्यांनी मला धरलं आणि लहान मुलासारखे रडले. त्या दिवसापासून लीले, एक दिवस त्यांनी गाडी रिकामी ठेवली नाही. तापात असताना सुद्धा उठून वायर लावलीय.”

तिनं बेसिनला धरून पाय जरा मोकळा केला.

“आता ह्यांना कसं सांगू, की तुम्ही भरभरून ठेवलीत म्हणून ती मेली? सांग ना. ते उरलेलं आयुष्य त्या शेडकडे बघत काढतील.”

“ठीक आहे, नको सांगू. पण नवी तर बसव.”

“नवी बसवली की हे म्हेत्रे त्यांच्यासमोर सांगणार, ऐंशीच्या वर चार्ज करू नका. तुझे नाना विचारणार, का? त्यांना अडाणी समजू नकोस. विजेतला माणूस आहे तो. ‘का’ला उत्तर मिळालं की बाकीचा हिशोब ते स्वतः करतील.”

तेव्हा मला समजलं. नवी गाडी, जुनी गाडी, कुठलीही विजेची गाडी आता तिला चालणार नव्हती. आणि दुसऱ्या कुठल्या गाडीचा विषय काढला असता तर नाना म्हणाले असते, विजेचीच घेऊ, तुला सोपी पडते. भीती बसली, एवढं एकच उत्तर उरलं होतं. मी तिच्या गळ्यात पडून रडले. ती नाही रडली. तिनं तोंडावर पाणी मारलं, पदरानं पुसलं आणि म्हणाली, “चल, ते एकटे बसलेत.”

आम्ही एसटीनं बार्शीला परतलो. चढताना नानांनी नेहमीसारखा तिच्यापुढे खांदा केला.

पुढे नानांची स्कूटरही सुटली. मग ठरलेला रिक्षावाला आला, आणि त्याला सवड असेल तेव्हा आई बाहेर जायला लागली. येडशी बंद झाली. जुन्या विद्यार्थिनी आधी फोन करत, मग फोनही कमी झाले. घरी कुणी आलं आणि गाडीचा विषय निघाला की नाना हमखास सांगत, “चालवायची मात्र झकास! नाव ठेवायला जागा नाही. एकदाच चुकली. पाण्यात घातली.” त्यांच्या परीनं ते तिची तारीफच करत असत. आई हातातलं काम न थांबवता “हो ना, बुद्धी फिरली होती माझी” म्हणायची. तिथे असले की मी उठून आत जायचे. मला ते ऐकवायचं नाही.

नाना गेले ते झोपेतच गेले, काही त्रास न होता. त्यांच्यामागे केलेल्या गणाराधनेच्या जेवणाला सगळे नातेवाईक जमले होते. पंगती उठल्या, माणसं सैलावली, आणि अशा वेळी होतं तसं नानांच्या गमतीजमतींवर बोलणं आलं. त्यांनी शोरूमच्या ड्रायव्हरला मांडी घालायला लावली तो किस्सा कुणीतरी काढला. हसू पिकलं. त्यावर नानांचे चुलतभाऊ, आमचे काका म्हणाले, “एवढ्या हौसेनं घेतली हो काशिनाथनं, आणि वहिनींनी नेऊन ओढ्यात घातली! बायकांच्या हाती गाडी म्हणजे असंच व्हायचं.”

पुन्हा सगळे हसले. मी तशीच स्वयंपाकघरात गेले. आई पाटावर बसून उरलेलं अन्न डब्यांत भरत होती. बाहेरचं तिला ऐकू आलंच होतं.

“आई, बस झालं आता,” मी म्हणाले. “मी आत्ता जाऊन सांगते सगळ्यांना. नाना गेले. आता कुणाला लागायचं नाही ते.”

तिचा हात थांबला.

“मुळीच नाही,” ती म्हणाली. “ते होते तोवर निदान ‘मला माहीत नव्हतं हो’ एवढं तरी म्हणू शकले असते. आता ते कुणाला सांगणार?”

“पण मग तू? तुझं काय?”

 तिनं डब्याचं झाकण लावलं, माझ्या खांद्याला धरून उठली आणि कॅलिपर वाजवत बाहेर गेली. मी मागोमाग दारापर्यंत गेले. काकांच्या शेजारच्या खुर्चीत ती बसली, पाय नीट पुढे घेतला आणि म्हणाली, “भाऊजी, अहो तुम्हाला अर्धंच माहितीये. पाणी चाकाला लागलं होतं ना, तेव्हाच मागचा ट्रॅक्टरवाला ओरडत होता, बाई घालू नका, घालू नका! मी ऐकतेय कुठली.”

सगळे पोट धरून हसले. ती पण हसली.